पंडुमाआधीची कैरी

मी नऊ वर्षं पोलंडमध्ये राहिले आणि शाकाहारी राहिले. हे वाक्य मी इतक्यांदा आणि इतकी मान ताठ करून म्हटलं आहे की ते सुरू झालं की माझा नवरा चहाचा कप उचलून बाल्कनीत जातो. त्याची तिथे कारखान्यात नोकरी होती, मला तिथे काही काम नव्हतं, म्हणून मी हा एक उद्योग करून घेतला. तिथल्या लोकांना मांस म्हणजे काय हेच नीट ठाऊक नाही, असं माझं मत झालं होतं. कोबीच्या सूपमध्ये सॉसेजचे तुकडे तरंगायचे आणि वाढणारी बाई मला समजावायची की हे मांस नव्हे, ही नुसती चव आहे. शेजारणीनं एकदा खास माझ्यासाठी म्हणून सॅलड केलं, त्यात हॅमचे तुकडे होते. ते माझ्यासाठी अगदी बारीक चिरले होते, एवढंच त्यातलं खास. मी नऊ वर्षं बटाटे उकडले, हिरव्या सफरचंदांचं लोणचं घातलं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला माझ्या निश्चयाची कहाणी ऐकवली.

परत आल्यावर त्या सफरचंदाच्या लोणच्यातूनच माझा व्यवसाय उभा राहिला. कराडला आता माझा लोणच्यांचा लहानसा कारखाना आहे आणि अधूनमधून ठिकठिकाणच्या बचत गटांना मी लोणचं घालायला शिकवायला जाते. चंद्रपूरच्या एका संस्थेनं एप्रिलमध्ये बोलावलं. आलापल्लीच्या पुढे जंगलातलं एक गाव, तिथल्या बायकांचा गट, आठ दिवस, विषय कैरीचं लोणचं. फोनवरच्या मुलानं काळजीनं विचारलं, तिकडे सगळे मांसाहारी आहेत, तुमच्या जेवणाचं कसं करायचं? मी हसले. जी बाई पोलंड पचवून आली तिला गडचिरोली काय करणार, असं मी त्याला म्हणाले. अगदी याच शब्दांत म्हणाले. आता लिहिताना कान गरम होतात, पण लिहायला बसलेच आहे तर लिहिते.

चंद्रपूर

सकाळी नऊ वाजता डोक्यावरून ओढणी घ्यावी लागली. संस्थेच्या कचेरीत माझ्या स्वागताचा फलक होता, त्यावर पिवळाधमक हापूस. हापूस आणि लोणचं यांचा संबंध काय, हे मी विचारलं नाही, कारण फलकासमोर आधीच तिघांचे फोटो काढून झाले होते आणि चौथी मी होते. प्रशिक्षणाची तारीख कशी ठरवली, असं विचारल्यावर कळलं की मार्च संपल्यावर सगळ्यांना सोयीची तीच होती. सगळ्यांना म्हणजे कचेरीतल्या सगळ्यांना. हे मला तेव्हा खटकायला हवं होतं, पण मला हापूसच खटकत होता.

दुपारी तिथल्याच भोजनालयात पाटवडी रस्सा खाल्ला. बेसनाच्या वड्या, वर बोटभर तेलाचा तवंग, रंग मटणाचा, वास मटणाच्या मसाल्याचा. शाकाहारी माणसाला मटणाची एवढी हौस असेल तर त्यानं सरळ मटण खावं, असं मी मालकाला ऐकू जाईल इतपत म्हणाले आणि दुसरी वाटी मागवली.

काचेच्या बरण्या आणि मला गावापर्यंत पोचवायचं काम सलीमभाईंकडे होतं. साठीच्या आसपासचा माणूस. चंद्रपुरात त्यांचं बरण्या-डब्यांचं दुकान आहे आणि कोळशाच्या धुळीमुळे त्या बरण्यांवर दिवसातून दहादा फडका मारावा लागतो, ही त्यांची मुख्य तक्रार. मी काही म्हणायच्या आत त्यांनी सांगून टाकलं की रस्त्यासाठी डबा आणला आहे, तो घरचा नाही, मारवाडी खाणावळीतून बांधून घेतला आहे, कांदासुद्धा नाही. मी कांदा खाते, हे सांगायची मला लाज वाटली. मग मी नेहमीची कहाणी सुरू केली. बल्लारपूर मागे पडेपर्यंत पोलंडची पहिली तीन वर्षं झाली होती.

आष्टीच्या पुढे

वैनगंगा ओलांडली की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना साग सुरू होतो. एप्रिलमध्ये सागाला पान नसतं. सगळी पानं खाली, आणि वर नुसते सरळ खांब. आलापल्लीचा साग म्हणजे काय हे ऐकून आले होते, तेव्हा थोडी सावलीची अपेक्षा होती. ती अपेक्षा करणारी मी मूर्ख, पण बोल लावला झाडांना.

एका गतिरोधकावर जीप उडाली आणि माझ्या बॅगेत काहीतरी कडकन वाजलं. सलीमभाईंच्या पेंढ्यात गुंडाळलेल्या बरण्यांतली एकही फुटली नव्हती. फुटली होती ती मी घरून तीन साड्यांत गुंडाळून आणलेली लिंबाच्या लोणच्याची, म्हणजे माझी आठ दिवसांची बेगमी. साड्या मात्र खारवल्या गेल्या. सलीमभाईंनी रस्त्याकडेला जीप थांबवून काचा वेचायला मदत केली आणि चेहरा इतका गंभीर ठेवला की ते हसत आहेत हे मला लगेच कळलं.

राग कुठेतरी काढायला हवा होता. मी म्हणाले, आता त्या गावात माझे हालच. ही जंगलातली माणसं म्हणे मुंग्यासुद्धा खातात, त्यांना कसला विधिनिषेध.

"सगळंच नाई खात ते, म्याडम," सलीमभाई म्हणाले. "अन् कवाबी नाई खात. तुमाले पाहाले भेटन." मी ते ऐकून सोडून दिलं.

गाव

गावाचं नाव लिहीत नाही. तिथल्या लोकांनी मला पुरेसं सहन केलं आहे.

माडिया लोकांचं गाव. बांबूच्या कुडाच्या भिंती, शेणानं सारवलेली अंगणं, आणि अंगण इतकं स्वच्छ की मी चप्पल कुठे काढावी या विचारात उभी राहिले. गटाची अध्यक्ष जानोबाई, चाळिशीची, बोलायला मोजकी. नवरा धान कापून झाल्यावर तेलंगणात मिरची तोडायला गेलेला, घरी दोन मुली. तिच्याकडेच माझा मुक्काम. ती माझ्याशी मराठीत बोलायची, मुलींशी माडियात, आणि मला वाटायचं की माडियातलं जे काही आहे ते माझ्याबद्दलच आहे.

पहिल्या दिवशी भात आणि डाळ पुढे आली. घास घेतला आणि ओळखीचा अनुभव आला. डाळीत सुक्या मासोळीचा भुगा होता. मी ताट सरकवलं. मासोळी म्हणजे मटन थोडीच, असं जानोबाई म्हणाली, आणि मला एकदम त्या कोबीच्या सूपवालीची आठवण झाली. दोघींची गाठ घालून दिली असती तर दोघींचं जमलं असतं. मी तिला अर्धा तास समजावलं. तिनं ऐकून घेतलं. त्या जेवणापासून माझी डाळ वेगळ्या मडक्यात शिजू लागली, नवं मडकं, कडेला. मडकं कुठून आलं हे मी विचारलं नाही. पोलंडमध्ये नऊ वर्षांत कुणी माझ्यासाठी वेगळं भांडं ठेवलं नव्हतं, आणि इथे पहिल्याच दिवशी ठेवलं गेलं, तर मला वाटलं की ते माझ्या अर्ध्या तासाच्या व्याख्यानाचं यश.

प्रशिक्षणाची मात्र तऱ्हा न्यारी. आजूबाजूला आंब्याची झाडं कैऱ्यांनी वाकली होती आणि प्रशिक्षणाला एक कैरी नाही. बायका पहाटे टोपल्या घेऊन मोहफुलं वेचायला जात, ऊन चढलं की परत येत, आणि चार वाजता माझ्यासमोर ओळीनं बसत. कैऱ्या आणा म्हटलं की एकमेकींकडे बघत.

"आता नाई, बाई. पंडुम झाल्यावर," जानोबाई म्हणाली.

पंडुम म्हणजे सण, एवढं मी विचारून घेतलं. आंब्याचा पंडुम, तो झाल्यावर आंबा. कधी आहे? गायता सांगेल. गायता म्हणजे गावच्या देवाचं बघणारा म्हातारा माणूस. तो कधी सांगेल? सांगेल तेव्हा. हे ऐकून माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. आमच्याकडे गवंडी आणि सुतार "दिवाळी झाली की येतो" म्हणतात आणि शिमग्याला उगवतात, त्यातलाच हा प्रकार, असं मी ठरवून टाकलं. सण काय, निमित्त हवं. मग मी चार दिवस मीठ शिकवलं. मीठ किती, हळद किती, बरणी कशी उकळायची, फडकं कसं बांधायचं. त्या बायका मिठाकडे बघत चार दिवस बसल्या. त्यांच्या चेहऱ्यावर माझ्याबद्दल जी दया होती ती मी मंदपणा म्हणून लिहून ठेवली. वही अजून माझ्याकडे आहे.

आणि चार दिवस मी भात आणि बिनफोडणीची डाळ खाल्ली. शाकाहाराचा मला अभिमान असला तरी जिभेला अभिमान पुरत नाही. लोणचं साड्यांनी पिऊन टाकलेलं. पाचव्या सकाळी मला आंबट हवं होतं, इतकं की कानशिलं दुखत होती.

पाचवा दिवस

घराच्या मागे आंब्याचं झाड होतं. आदल्या दिवशीच्या वाऱ्यानं तीन कैऱ्या खाली पडल्या होत्या. जानोबाई आणि मुली मोहाला गेलेल्या. मी कैऱ्या तोडल्या नाहीत, उचलल्या. हा फरक मी त्या दिवशी निदान दहा माणसांना समजावून सांगितला.

घरात पाटा होता. कैऱ्या धुतल्या, बाठ कोवळी, सुरी सरळ आत गेली. हिरव्या मिरच्या, मीठ, चार पाकळ्या लसूण. वरवंटा फिरला आणि जो वास सुटला त्यानं मी चार दिवसांची सगळी भांडणं विसरले. रात्रीचा भात होता. मी चुलीपाशी मांडी घालून त्या शिळ्या भातावर चटणी घेतली आणि एकही शब्द न बोलता, न थांबता खाल्ली. खरं सांगायचं तर पोलंडहून परत आल्यावर आईच्या हातचं जेवले होते, त्यानंतर इतकं सुखानं मी जेवले नव्हते.

जानोबाई टोपली घेऊन दारात आली. तिनं पाटा बघितला, साल बघितली, मग माझं ताट. तिनं टोपली बाहेरच ठेवली. मुली आत येत होत्या, त्यांना दोन्ही दंडांना धरून मागे ओढलं. ओरडली नाही. उंबऱ्याबाहेर उभी राहून म्हणाली की पंडुमाच्या आधी आंबा खात नाहीत. झाडाखालचासुद्धा नाही. आणि हे घरात, चुलीपाशी, पाट्यावर झालं आहे, म्हणजे ते आता तुझं एकटीचं नाही, घराचं झालं.

मी घाबरले, आणि घाबरले की माझं डोकं फार जोरात चालतं. मी म्हणाले, जानोबाई, आत्ता पाटा धुऊन टाकते, सालं चुलीत टाकते, कुणी पाहिलंय?

"मी पाह्यली ना," ती म्हणाली.

एवढंच. माझ्या निश्चयाच्या कहाणीत एक प्रसंग कधीच नसतो, तो इथे सांगते. तिसऱ्या हिवाळ्यात बर्फात भिजून एका खाणावळीत मी वाफाळतं मसुराचं सूप घेतलं होतं. पहिल्याच चमच्याला कळलं की ते हाडांच्या पाण्यातलं आहे. कळलं म्हणजे वाटलं, आणि मी विचारलं नाही. विचारलं असतं तर सोडावं लागलं असतं. बाजूला कुणी नव्हतं, मी वाटी चाटून पुसून संपवली. माझ्या हिशेबी ते कुणी पाहिलं नव्हतं. मी त्या गोष्टीला बारा वर्षं हात लावला नव्हता, आणि ही बाई उंबऱ्याबाहेर उभी राहून आपल्याच घराचा गुन्हा स्वतः गायत्याला सांगायला निघाली होती.

दुपारी मोहाच्या झाडाखाली माणसं बसली. गायता लालसूभाऊ, वाळलेल्या काटकीसारखा म्हातारा, बोलायची मुळीच घाई नाही. मी उचलल्या आणि तोडल्या यातला फरक सांगितला. ठाऊक नव्हतं, असंही म्हणाले. त्यावर बायकांनी एकमेकींकडे बघितलं, कारण चार दिवस त्या मला तेच तर सांगत होत्या. मग मी आमच्या पद्धतीनं नारळ आणि साखर द्यायची तयारी दाखवली. लालसूभाऊंनी सगळं ऐकलं.

"आंबा खाल्ला त्याचं काई नाई," ते म्हणाले. "आमचे मेलेले म्हातारे अजून जेवले नाई. तू त्याईच्या आधी जेवली."

माझी आई नैवेद्य दाखवायच्या आधी पुरणाला बोट लावलं तर हातावर उलथनं मारायची. माझ्या मनगटावर अजून तो व्रण आहे. जो नियम मी जन्मभर पाळला, तोच या लोकांकडे असेल हे माझ्या डोक्यात आलंच नाही, कारण मासोळी खाणाऱ्या माणसाला कसला नियम असणार. इतकी साधी गोष्ट समजायला मला वयाची चोपन्न वर्षं आणि एक म्हातारा लागला.

निवाडा असा झाला. पंडुम दोन दिवसांनी. त्या सकाळी, देवाला आंबा दाखवायच्या आधी, जानोबाईच्या घरचा कोंबडा द्यायचा. ज्याच्या हातून चूक झाली त्याच्या तळहातावर तांदळाचे दाणे ठेवायचे आणि कोंबड्यानं ते टिपायचे. टिपले तर देवानं मान्य केलं, मग कोंबडा कापतात आणि ते घर सगळ्यांत परत येतं. नाही टिपले तर नाही. मग जानोबाईच्या घराला या वर्षी पंडुम नाही, मुलींना उन्हाळाभर आंबा नाही, आणि तिच्या चुलीवरचं कुणी काही घेणार नाही. तोवर तिनं घराबाहेर राहायचं. हात माझा, घर तिचं.

परतीची जीप

सलीमभाई दुसऱ्या दिवशी बरण्यांची झाकणं घेऊन आले. मी त्यांना सगळं सांगितलं, अर्थात माझ्या बाजूनं. म्हणाले, माझ्यासारख्या बाईच्या हातून कोंबड्याला दाणे घालून मरायला पाठवायचं, हा छळ आहे.

ते जीपच्या टपावरची दोरी सोडत होते. "तुमाले कापायचा नाई, खायचा नाई, म्याडम. निस्ते दाणे धरायचे."

मी म्हणाले, कापणं परवडलं, दाणे घालणं जास्त वाईट.

"हो," सलीमभाई म्हणाले. "म्हणून त तुमालेच सांगून राह्यले." मग दोरीची गुंडाळी करत म्हणाले की ते तासाभरात निघणार आहेत, मला यायचं असेल तर चंद्रपूरला सोडतील, कोणी अडवणार नाही.

हे मी लपवणार नाही: मी बॅग भरली. खारट साड्या, वही, मिठाचा तराजू. निश्चय टिकवायचा सोपा मार्ग म्हणजे तिथून निघून जाणं, आणि मी तो पोलंडमध्ये कितीतरी वेळा वापरला होता. पोट दुखतंय, बस चुकेल, नवरा वाट बघतोय. बॅग घेऊन अंगणात आले तर जानोबाई तीन दगड मांडून बाहेर स्वयंपाक करत होती, कारण घरातली चूल बंद. शेजारच्यांनी निखारा दिला नव्हता, तिनं काडी पेटवून वेगळी चूल लावली होती. तिच्यापुढे दोन मडकी होती. एकात मुलींसाठी डाळ. दुसरं माझं, कडेचं, वेगळं. स्वतःच्या घराला मुकलेली बाई त्या उन्हात बसून माझ्या डाळीत मासोळी पडू नये म्हणून पळ्या वेगळ्या ठेवत होती.

मला तिचा इतका राग आला की सांगता येत नाही. ती रडली असती, भांडली असती, थांब म्हणाली असती, तर मी जीपमध्ये बसले असते. मी बॅग तिथेच टेकवली आणि सलीमभाईंना म्हणाले, झाकणं उतरवा आणि जा.

पंडुम

त्या सकाळी सगळं गाव आंब्याखाली होतं. पुरुष डोक्याला फडकं बांधून, बायका धुतलेल्या लुगड्यांत, पानांच्या द्रोणांत चिरलेली कैरी आणि गूळ देवासाठी तयार. एका बाजूला मला उकिडवं बसवलं. जानोबाई आणि तिच्या दोन मुली सगळ्यांपासून दहा पावलं लांब उभ्या होत्या. धाकटी सहा वर्षांची, ती आपल्या मैत्रिणींकडे बघत होती आणि त्या तिच्याकडे बघायचं टाळत होत्या.

कोंबडा तांबडा होता, तरणा, शेपटीला हिरवी झाक. मी त्याला आठवडाभर अंगणात बघत होते. त्यानं माझ्या चपलेवर घाणही केली होती. लालसूभाऊंनी माझ्या तळहातावर चिमूटभर तांदूळ ठेवला, काहीतरी पुटपुटले आणि त्याला माझ्यापुढे सोडलं.

त्यानं माझ्या हाताकडे पाहिलं आणि तो जमीन उकरायला लागला.

माझ्या मनात आलं, देव पावला. मी वाचले. माझ्या हातून काही होणार नाही, मी हात धरला होता, माझं काम केलं, आता त्याच्या मनात नाही त्याला मी काय करू. इतकं हलकं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. लालसूभाऊंनी त्याला उचललं, पुन्हा मंत्र म्हटला, पुन्हा पुढे ठेवलं. तो पाठ करून उभा राहिला. बायकांत कुजबुज झाली. तीनदा ठेवतात, तिसऱ्यांदा नाही तर नाही.

मी मान वर केली आणि जानोबाईकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. तिनं धाकटीच्या खांद्यावर हात ठेवला होता आणि ती कोंबड्याकडे बघत होती, अजिबात न हलता. त्या पोरीनं आईचं लुगडं मुठीत धरलं होतं.

तिसऱ्यांदा कोंबडा खाली ठेवला. तो मान वाकडी करून इकडेतिकडे बघत होता. आणि मी हात पुढे केला. अगदी जमिनीपर्यंत नेला, तळहात हलवून दाणे वाजवले, जिभेनं चकचक केलं. लहानपणी आजोळी कोंबड्यांना बोलावायची तशी मी त्याला बोलावू लागले. खा रे राजा, खा, एक तरी खा, अशा विनवण्या करू लागले, सगळ्या गावासमोर, गुडघ्यावर येऊन, आणि त्यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं. आयुष्यात इतक्या कळकळीनं मी कुणाला जेवायला बोलावलं नव्हतं.

त्यानं एक पाऊल टाकलं, तळहाताला चोच लागली, टोचलं. मग दुसरा दाणा, मग तिसरा.

"शाब्बास," मी म्हणाले.

मागे बायका एकदम बोलायला लागल्या. धाकटी आईचा हात सोडून मैत्रिणींकडे पळाली. लालसूभाऊंनी कोंबडा उचलला आणि पुढचं मी पाहिलं नाही, पाठ वळवली, पण आवाज पाठीलाही ऐकू येतो. जानोबाई माझ्याजवळ आली, माझ्या तळहाताला चिकटलेले दोन दाणे तिनं पदरानं झटकले आणि एवढंच म्हणाली की आता बाई, आंबा खा. द्रोण पुढे केला. मी खाल्ला. आंबट, कोवळा, गुळात बुडवलेला. त्यांचा स्वयंपाक एका झाडाखाली होता, माझा भात दुसऱ्या, आणि माझ्या मडक्याशी कुणीही गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी कैऱ्यांचा डोंगर आला आणि चार दिवस मी जे शिकवत होते ते त्या बायकांनी दोन तासांत करून मला मोकळं केलं. मीठ त्यांना पाठ होतं. लोणचं उत्तम झालं, माझ्यापेक्षा उत्तम, आणि हे मी सहजासहजी म्हणत नाही.

कराडला आल्यापासून जो तो विचारतो की तिकडे शाकाहार टिकला का. मी टिकला म्हणते, आणि हे खरं आहे, तोंडात काही गेलं नाही. तोंडातून काय निघालं ते अजून कुणी विचारलेलं नाही.